रामटेकचा मेघ आणि पेंचचे तेजोमेघ

मराठीच्या मास्तराने कवितेतल्या चांदण्यांवर समाधान मानावे, आभाळातल्या खऱ्या चांदण्यांच्या नादी लागू नये, असा आमच्या महाविद्यालयात एक अलिखित संकेत आहे. तो मोडण्याची वेळ आली ती पदार्थविज्ञानाच्या आमच्या सहकाऱ्यांमुळे. त्यांनी एक संगणकाची दुर्बीण विकत घेतली आणि मधल्या सुटीत तिचे वर्णन सुरू केले. हातातल्या यंत्रावर तेजोमेघाचे नाव शोधायचे, कळ दाबायची, की दुर्बीण घूंऽऽ असा आवाज करीत आपणहून वळते आणि नेमकी तिथे जाऊन थांबते. नकाशा नको, शोधाशोध नको, मान मोडून घेणे नको!

"मग सर, आपण काय करायचे?" मी विचारले.

"आपण फक्त काळोख शोधायचा," सर म्हणाले. "तेवढे तिला जमत नाही."

आणि खरोखरच पुण्यात ते आम्हालाही जमेना. आमच्या गच्चीवर ती दुर्बीण तीन रात्री उभी होती. चंद्राचे खड्डे दिसले, गुरूचे चार उपग्रह दिसले, शेजारच्या मुलांची चंगळ झाली. पण देवयानीतली दीर्घिका म्हणावी तर एक फिकट डाग, आणि सिंहेतल्या दीर्घिकांच्या जागी नुसता राखाडी पडदा. दुर्बीण बरोबर जागी पाहत होती, यात शंका नव्हती. परंतु दीर्घिकेचा प्रकाश पसरलेला आणि क्षीण असतो. शहरावरचे उजळलेले आकाश तिच्याहून तेजस्वी झाले, की ती त्यात विरून जाते. दुर्बीण मोठी घेतली तर दीर्घिकेबरोबर हा शहरी उजेडही अधिक गोळा होतो.

तेव्हा काळोखाच्या गावी जाणे आले. लडाखमधील हान्ले येथे २०२२ च्या डिसेंबरात असे काळोखाचे राखीव क्षेत्र जाहीर झाले आहे. पण ते फार लांब आणि फार थंड. आपल्या महाराष्ट्रातच, नागपूरच्या उत्तरेला, पेंच व्याघ्रप्रकल्प आहे. जानेवारी २०२४ मध्ये डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेने त्याला भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता दिली. २०२५ च्या जानेवारीत पौष अमावस्या २९ तारखेला येत होती. प्रजासत्ताकदिनाला जोडून रजा टाकल्या आणि आम्ही चौघे निघालो : सर, मी, आमच्या सौ. आणि नववीत शिकणारी आमची कन्या.

दुर्बिणीची नळी आठ इंच व्यासाची आणि जेमतेम दीड फूट लांब. आत आरशांवरून प्रकाश उलटसुलट फिरवून तिने आपली दोन मीटरची लांबी पोटात दडवलेली असते. गाडीत ती बर्थवर आडवी ठेवली, तेव्हा समोरच्या आजोबांनी विचारले, "तबला का?" सरांनी खरे ते सांगितले. त्यावर आजोबा म्हणाले, "भविष्य बघता होय?" पुढे वर्ध्यापर्यंत सरांना आपले शास्त्र निराळे आहे हे समजावून सांगावे लागले. आजोबांनी ते ऐकून घेतले, आणि उतरताना नातवाची पत्रिका मात्र विचारलीच.

नागपूरहून मोटारीने निघाले की कामठी मागे पडते, आणि मनसरला उजवीकडे एक फाटा रामटेकला जातो. दुर्बीण पाहायला निघालेल्या माणसांना रामटेकशी कर्तव्य नसते. पण मराठीच्या मास्तराला ते टाळता येत नाही. यक्षाचा रामगिरी तो हाच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले आहे. दुसरे काही पंडित तो मान सरगुज्यातील रामगढला देतात. तो वाद पंडितांचा. आम्ही आपले गडावर गेलो, माकडांपासून चष्मे सांभाळले, देवदर्शन घेतले आणि तटावर उभे राहिलो. खाली तळी, पलीकडे संत्र्यांच्या बागा आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. कालिदासाचा मेघ त्याच दिशेने गेला असणार.

मी वर्गात 'मेघदूत' सांगतो तेव्हा मुले हमखास एक प्रश्न विचारतात. निरोप काय तो चार ओळींचा. मग अर्धे काव्य नुसता रस्ता सांगण्यात का घालवले? पूर्वमेघ म्हणजे खरोखरच एक पत्ता आहे. आम्रकूटावर टेक, रेवा ओलांड, विदिशेला थांब, उज्जयिनीला जाताना वाट वाकडी होईल पण तरीही जा, मग कुरुक्षेत्र, कनखल, कैलास आणि शेवटी अलका. उत्तर मी नेहमीचेच देतो, की यक्षाचा जीव त्या वाटेतच गुंतलेला होता. त्या दिवशी गडावर ते सांगताना कन्या म्हणाली, "बाबा, त्या मेघाला सरांची दुर्बीण दिली असती तर तो थेट अलकेलाच गेला असता." सर हसले. मलाही हसू आले. पण ते वाक्य पुढे रात्रभर डोक्यात राहिले.

दुपार कलता सिल्लारीला पोचलो. व्याघ्रप्रकल्पाच्या या बाजूचे हे प्रवेशाचे गाव. मुक्काम बफर भागातल्या एका घरी. अंगण मोठे, भोवती कुंपण, आणि कुंपणापलीकडे सागाचे रान. अंधार पडल्यावर कुंपणाबाहेर पाऊल टाकायचे नाही, ही ताकीद पहिल्या चहाबरोबरच मिळाली. गावातून फिरताना सरांनी एक गोष्ट दाखवली. रस्त्यावरच्या दिव्यांची तोंडे खाली वळवलेली होती. काळोख राखण्यासाठी प्रकल्पाने आसपासच्या गावांतले शंभराहून अधिक दिवे असे बदलून घेतले आहेत. गाव काही अंधारात नव्हते. ओट्यावर बसलेल्या बायांचे चेहरे नीट दिसत होते. उजेड रस्त्यावर पडत होता आणि आभाळात जात नव्हता, एवढेच.

सूर्य बुडाला. पश्चिमेला शुक्र असा काही तेजाळला, की सौ. ना प्रथम तो कुणाच्या तरी बॅटरीचा झोत वाटला. तासाभराने सगळा काळोख उतरला, आणि आम्ही तिघेही पुण्याची माणसे काही वेळ बोललोच नाही. लहानपणी कोकणात आजोळी असे आकाश पाहिले होते. ते अजून शिल्लक असेल, याचा विसर पडला होता.

आता दुर्बिणीचे काम. तिला जागा, तारीख आणि वेळ सांगितली, तरी ती आपणहून कुठेच वळत नाही. आधी तिला ओळख करून द्यावी लागते. यादीतले दोन ठळक तारे निवडायचे, दुर्बीण हाताने कळा दाबून त्यांच्यावर एकामागून एक आणायची आणि "हा अमुक, हा तमुक" असे तिला सांगायचे. त्यावरून ती सारे आकाश मनात बसवते. मग चाळीस हजारांच्या घरातील कोणतीही वस्तू मागा, तिची उंची आणि दिशा क्षणात काढून मोटारी फिरवते. पण हे पहिले दोन तारे माणसानेच ओळखायचे. यंत्र तुमच्या शब्दावर विश्वास ठेवते.

यंत्राच्या यादीत नावे सिरियस, कॅपेला, आल्डेबरान अशी. इथे मराठीचा मास्तर कामी आला! सिरियस म्हणजे आपला व्याध. तो आग्नेयेला झळकत होता. कॅपेला म्हणजे ब्रह्महृदय. तो ईशान्येला उंच होता. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ लहानशी शेळी, आणि आपण त्याला ब्रह्मदेवाचे हृदय म्हटले. आल्डेबरान म्हणजे रोहिणी. अरबीत त्याचा अर्थ 'मागून येणारा'. कारण तो कृत्तिकांच्या मागून उगवतो. अरबांनी आणि आपण पाहिले ते एकच आकाश. नावे मात्र ज्याच्या त्याच्या घरची.

व्याध आणि ब्रह्महृदय सांगून झाल्यावर यंत्राने "जुळले" असा संदेश दिला. सरांनी पहिली मागणी मेसिए ४२ ची केली. दुर्बीण घुमली, मृगाच्या पोटातल्या बाणाच्या किंचित खाली जाऊन थांबली. सौ. नी डोळा लावला आणि म्हणाल्या, "अगं बाई! हे तर पंख पसरलेलं पाखरू आहे." तेजोमेघ तो. सुमारे तेराशे प्रकाशवर्षे दूर वायूचा आणि धुळीचा प्रचंड ढग, आणि त्याच्या काळजात नुकतेच जन्मलेले चार तारे चौकोन करून बसलेले. छायाचित्रांत तो गुलाबी असतो. डोळ्याला मात्र हिरवट राखाडी दिसतो, कारण मंद प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. कन्येची थोडी निराशा झाली. "पण हा खरा आहे," सौ. म्हणाल्या, आणि तो विषय मिटला.

मग देवयानी, मेसिए ३१. ही दुर्बिणीशिवायही दिसत होती, वायव्येला एक पुसटसा कापसाचा पुंजका. इराणच्या अल-सूफीने ९६४ साली आपल्या ग्रंथात तिची 'लहानसा ढग' म्हणून नोंद केली आहे. हा ढग २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि त्यात आपल्या आकाशगंगेसारखेच अब्जावधी सूर्य आहेत, हे त्याला कुठून कळावे? 'तेजोमेघ' हा आपला शब्दही त्याच जुन्या समजुतीतून आलेला. आज आपण ढग कोणता आणि ताऱ्यांचे शहर कोणते हे वेगळे ओळखतो. पण डोळ्याला दोन्ही मेघच दिसतात.

या साऱ्यांना 'मेसिए' हे आडनाव चिकटले त्याची कथा गमतीची आहे. शार्ल मेसिए हा पॅरिसचा धूमकेतू शोधणारा. धूमकेतूसारखे दिसणारे पण जागचे न हलणारे पुंजके त्याचा वेळ खात. १७५८ साली असाच एक भेटला, तेव्हा त्याने या 'फसव्या' वस्तूंची यादी करायला घेतली. १७८१ पर्यंत ती १०३ वर गेली. पुढे इतरांनी ११० केली. म्हणजे ज्यांच्याकडे पाहू नये म्हणून त्याने ही टिपणी ठेवली, त्याच वस्तू पाहण्यासाठी आज लोक रजा टाकून रानात जातात. त्याचे धूमकेतू फार थोड्यांना आठवतात.

रात्री साडेअकराच्या सुमारास दुर्बीण मध्येच थांबली. बॅटरीने मान टाकली होती. सर मोटारीपासून तार ओढायच्या खटपटीला लागले, आणि घराचे चौकीदार घोंगडी पांघरून आमच्याजवळ आले. वयस्क गोंड गृहस्थ. इतका वेळ ते ओट्यावरून आमची गंमत पाहत असावेत.

"काय पाहून राह्यले सर?"

"आकाश बघतोय भाऊ. तुम्हाला कोणते तारे माहीत आहेत?"

त्यांनी ईशान्येकडे हात केला. सप्तर्षी आता चांगले वर आले होते. "ते चार खाटेचे खूर. म्हातारीची खाट हाय ते. अन् मागचे तीन चोर. खाट नेऊन राह्यले."

मी सप्तर्षी शिकलो ते शाळेच्या पुस्तकातून. यांची खाट वाडवडिलांकडून आलेली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी यांनी विदर्भातल्या गोंड वस्त्यांत हिंडून हे ज्ञान टिपले, आणि २०१३ साली प्रसिद्ध केले. त्यात ही खाट आणि हे चोर आहेत. पण त्या रात्री माझ्या दृष्टीने महत्त्वाचे होते ते पुढेच.

सर तिकडून ओरडले, "अरे, खाट म्हणालात ना? मग खाटेचा कर्ण धरा. खालचा आतला खूर आणि वरचा बाहेरचा खूर जोडा, आणि तेवढेच अंतर पुढे जा. तिथे दोन दीर्घिका आहेत. साधी द्विनेत्री पुरे."

कन्येने द्विनेत्री उचलली. कर्ण धरला, चुकला, पुन्हा धरला. चौकीदार तिच्या मागे उभे राहून बोटाने खूर दाखवत होते. दहा मिनिटे गेली. मग ती एकदम दबक्या आवाजात म्हणाली, "दोन आहेत. एक गोल, एक चिरोट्यासारखी लांबट." मेसिए ८१ आणि ८२, सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षे. तिने ती द्विनेत्री चौकीदारांच्या हातात दिली. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि एवढेच म्हणाले, "खाटीच्या मांगं हे असन, मालूम नव्हतं."

संध्याकाळपासून आम्ही यंत्राच्या कृपेने पंधरा-सोळा वस्तू पाहिल्या होत्या. त्यातल्या कोणत्या कुठे होत्या असे आता कन्येला विचारले, तर तिला तीनच सांगता येतील. पण ही जोडी ती अजून आमच्या गच्चीवरून बोटाने दाखवते. दिसत काही नाही, पण जागा ठाऊक आहे. पूर्वमेघ लांबला का, या प्रश्नाचे उत्तर मला यंदा वर्गात थोडे निराळे देता येईल.

म्हणून यंत्राला नावे ठेवावीत असे मात्र नाही. वीज मिळताच त्याला पुन्हा दोन तारे हवे होते. आता कन्या पुढे झाली. रोहिणी पश्चिमेला कलली होती आणि नेमका गुरू तिच्या शेजारी होता. अनोळखी माणसाने तेजस्वी म्हणून गुरूच धरला असता. "मोठा तो गुरू. रोहिणी डावीकडची, तांबूस," असे म्हणत तिने रोहिणी दिली आणि पूर्वेकडून मघा. यंत्र जुळले, आणि त्याने आम्हाला सिंहेत अशा ठिकाणी नेले, जिथे हाताने जायला आम्हाला आठवडा लागला असता. मेसिए ६५ आणि ६६, साडेतीन कोटी प्रकाशवर्षे, एकाच चकतीत दोन तिरप्या कापसाच्या वाती. मग सरांनी जवळचीच तिसरी मागितली. तिचे मेसिएच्या यादीत नाव नाही. १८८८ सालच्या ड्रेयर यांच्या ७,८४० वस्तूंच्या सूचीत तिचा क्रमांक ३६२८ आहे. पडद्यावर "पोचलो" असे आले. मी डोळा लावला. काही नाही.

सौ. नी पाहिले. "आहे की. पण तिच्याकडे बघितलं की नाहीशी होते. जरा बाजूला बघा."

सर खूष झाले. डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग रंग आणि बारकावे पाहण्यात तरबेज, पण मंद उजेडात आंधळा. अंधुक प्रकाश टिपणाऱ्या पेशी त्याच्या भोवती असतात. म्हणून फिकट वस्तू तिरक्या नजरेने दिसते. त्यासाठी डोळा अंधारात निदान अर्धा तास मुरलेला हवा. एकदा मोबाइल उघडला की सगळी कमाई गेली. म्हणूनच आम्ही तांबडा कागद लावलेली बॅटरी वापरत होतो. मी बाजूला पाहिले. एक लांब, धूसर रेघ हळूच उमटली. यंत्राने मला दारापर्यंत आणून सोडले होते. आत जाण्याचे काम माझ्याच डोळ्याचे होते. "घरात तुम्ही कधी काही धड शोधलंत का?" सौ. नी विचारले. हे अर्थात खगोलशास्त्राबाहेरचे आहे.

पहाटे साडेचारला शेवटची वस्तू. सर तिच्यासाठीच जागे होते. 'ओमेगा सेंटॉरी', सुमारे १ कोटी ताऱ्यांचा गोल गुच्छ, १७ हजार प्रकाशवर्षांवर. हा मेसिएच्या यादीत नाही, कारण पॅरिसहून तो कधी क्षितिजावर येतच नाही. हॅली १६७७ साली सेंट हेलेना बेटावर असताना त्याने तो नोंदला. आपल्या महाराष्ट्राला मात्र तो दक्षिणेला वीसहून अधिक अंशांपर्यंत चढलेला दिसतो. अगस्त्याप्रमाणेच हेही आपल्याला दक्षिणेने दिलेले धन.

दुर्बीण वळली. सारी चकती साखर सांडावी तशी भरून गेली. सर पाहत राहिले. मग डोळा काढून नुसत्याच डोळ्यांनी दक्षिणेकडे पाहू लागले. तिथे क्षितिजाला पिवळट उजेडाची एक कमान टेकली होती. "उजाडायला लागलं?" मी विचारले.

"उजाडायला वेळ आहे. ते नागपूर."

सत्तर किलोमीटरवरचे शहर. मधली सगळी रात्र झोपेत होती, तरी त्याचा उजेड आभाळात चढून दक्षिणेचा खालचा पट्टा खात होता. गुच्छ अजून त्याच्या वर होता. शहर वाढेल तशी ती कमान वाढेल. उत्तरेकडच्या वस्तू पाहायला दुसरा देश आहे. पण ही दक्षिणेची ठेव आपल्याच क्षितिजावरची आहे, आणि ती आपल्याच दिव्यांनी पुसली जायची आहे. आम्ही आलो त्या पुण्याची कमान तर याहून मोठी, आणि तिच्यात आमच्या गच्चीच्या दिव्याचाही वाटा आहे. सिल्लारीचे ते खाली तोंड केलेले दिवे मला त्या वेळी आठवले. त्या उपायाला ना काही मोठे शास्त्र लागते, ना कुणाला अंधारात बसावे लागते.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा दिवाळी असेल. आपला हा दिव्यांचा सण नेमका अमावस्येला येतो, हे किती सोयीचे आहे! लक्ष्मीपूजन आटोपले, फराळ झाला, की रात्री दहाअकराच्या सुमारास मुलांना घेऊन गच्चीवर जा. पूर्वेला कृत्तिकांचा झुबका वर आलेला असेल. किती दिसतात त्या मोजायला सांगा. डोक्यावरून किंचित उत्तरेकडे देवयानी असते. गाव लहान असेल आणि फटाक्यांचा धूर विरला असेल, तर तो अल-सूफीचा लहानसा ढग सापडेलही. दुर्बीण नसली तरी अडणार नाही. पणत्या तेवत राहू द्या, त्यांचा उजेड आभाळापर्यंत जात नाही. गच्चीवरचा तो मोठा पांढरा दिवा तेवढा अर्ध्या तासापुरता मालवा, आणि जमल्यास दुसऱ्या दिवशी त्याचे तोंड खाली करून घ्या.